नलूताईंच्या आधी निघालेली बॅग

नलूताईंना कुठेही जायचं असलं की दोन दिवस आधी त्यांची निळी बॅग आमच्या घरी येऊन बसते. जुनी माणसं मुहूर्त साधायला शेजाऱ्याकडे प्रस्थान ठेवायची. नलूताई भीतीपोटी ठेवतात. "बॅग निघाली म्हंजे मी निघाली," असं म्हणतात, आणि तरीही आमच्या दिवाणाखाली वाकून ती जागेवर आहे ना, हे दिवसातून दोनदा बघून जातात.

कळंबला आमच्या भिंतीला भिंत लागून त्या एकट्या राहतात. पंचायत समितीतून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही. चिंतामणीच्या देवळात पुजाऱ्याच्या आधी पोचतात. केळापूरच्या एका लग्नाला तर इतक्या लवकर गेल्या की मांडववाल्याने त्यांना मुलीकडच्या समजून खुर्च्या मोजून घ्यायला लावलं. एसटी असो, अक्षता असोत की गॅसचं सिलिंडर, "सुटलं म्हंजे सुटलं, बापू," हे त्यांचं पालुपद.

अशा बाईने जहाजाची सफर ठरवली. मुंबईहून गोवा आणि परत. सोबत धाकटी बहीण, नाशिकची कमल. नवरा गेल्यापासून कमलने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"तिले भाईर काढाले समुद्रच पायजे," ताई म्हणाल्या. "आपल्या धरणानं नाई भागत."

कमल नाशिकहून एकटी येणार आणि थेट बंदरावर भेटणार, असं ठरलं. ताईंना पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

जहाजवाल्यांचा निरोप मोबाइलवर आला. बारा ते दोन या वेळात या, दोनला गेट बंद. ताईंनी त्यातलं फक्त शेवटचं वाचलं.

"बापू, जहाजाले हात दाखवून थांबवता येते का रे? एसटी थांबते एखाद्या टायमाले."

नाही म्हटल्यावर त्यांनी तीनदा देवाला हात जोडले. ती भीती मलाही चिकटली. आदल्या दिवशीच आम्ही मुंबई गाठली, आणि सकाळी सातला बंदरावर हजर. ताईंनी भडक पोपटी साडी नेसली होती. मी थट्टा केली, तर म्हणाल्या, "दुरून दिसली पायजे ना."

"मावशी, आधीची माणसं अजून उतरायची आहेत," गार्ड म्हणाला.

"उतरू द्या ना. ते उतरले का आमीच पयले."

बाराला काउंटर उघडलं. तिथल्या मुलीने निळ्या बॅगेला चिठ्ठी लावली, तुमच्या खोलीत पोचेल म्हणाली, आणि बॅग पट्ट्यावरून आत गेली. ताईंचा चेहरा एकदम उजळला.

"पाह्य, यायच्यातही प्रस्थान ठेवतात. बॅग निघाली म्हंजे..."

वाक्य तिथेच राहिलं. कमल अजून आली नव्हती.

तिचा फोन बंद लागत होता. एक वाजला, दीड झाला. मला घाटातली उलटलेली बस दिसायला लागली, मग दवाखाना, मग त्याहून वाईट. गार्डने दोनदा हाक मारली.

"ताई, तुम्ही आत जाऊन बसा. बॅगही गेली आहे. मी थांबतो बाहेर."

"तू उभा राह्यला तं तिले आपलं कोण दिसन?"

असं म्हणून त्या रांगेतून बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेलो.

"यवतमाळले शिकाले होती मी," त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सुट्टीत आली, कळंबच्या स्टँडवर उतरली, तं घ्यायले कोणीच नाई. बाबा इसरले होते. अंधार पडून राह्यला होता. गाडी सुटल्याचं काई नाई रे, बापू. उतरल्यावर कोणी नसलं का कसं वाटते, ते मले ठाऊक हाय."

दोन वाजले. गेट बंद झालं.

बऱ्याच वेळाने एक टॅक्सी येऊन थांबली. कमल उतरली. वाटेत बस बिघडली होती, फोन बंद पडला होता. तोंड पांढरंफटक. बंद गेटकडे पाहिलं, मग भेदरलेल्या वासरासारखं इकडेतिकडे. आणि मग तिला पोपटी साडी दिसली. ती धावत आली आणि ताईंच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. निळी बॅग एकटीच गोव्याला निघाली होती. मी ताईंना ते सांगायला गेलो, पण त्यांनी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

"ताई, माह्यापायी सुटलं ना जहाज," कमल हुंदके देत म्हणाली.

आता पालुपद येणार म्हणून मी थांबलो. ताई पदराने तिचं तोंड पुसत होत्या.

"सुटू दे. तू उतरली तवा मी होती ना?"