तू फक्त धर

मोटरसायकलचं मागचं चाक काढायला दोन माणसं लागतात हे तपासनिसांना पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांनी ते एकट्याने काढायला घेतलं.

गाडी जुनी. तिच्या काळातल्या गाड्यांचं मागचं मडगार्ड चाकावर असं खाली उतरलेलं असायचं, की चाक सरळ मागे निघतच नसे. एकाने गाडी कलती धरायची आणि दुसऱ्याने चाक खालून ओढून घ्यायचं. इतकी वर्षं धरायचं काम बायकोकडे होतं. "तू फक्त धर," असं तपासनीस म्हणायचे, आणि ती एका हाताने गाडी धरून दुसऱ्या हातातला पेपर वाचत उभी राहायची. मधूनमधून बातम्याही सांगायची. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून जिन्यापाशी लावलेली गाडी हलली नव्हती, आणि उभ्या उभ्या दोन्ही टायरांना भेगा पडल्या होत्या.

मुलीचा एकच धोशा होता. "बाबा, आता इकडे राहायला या. एकट्याने कसं होणार तुमचं?"

"सगळं होतं."

"काय होतं? त्या गाडीचं चाक तरी बदलता येतं का एकट्याने?"

ती आपली सहज बोलून गेली. तपासनिसांनी मात्र ते मनावर घेतलं. "बदललं तर?"

"तर पुन्हा हा विषय काढणार नाही."

"आणि नाही जमलं, तर सामान बांधून येतो!"

फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. मुलीने तिच्या घरातल्या कपाटाचा एक कप्पा त्यांच्यासाठी कधीचाच रिकामा करून ठेवला होता. जावई भला होता, पलंगही मऊ होता. पण आपलं सगळं सामान त्या एका कप्प्यात खरंच मावेल, याचीच त्यांना भीती वाटायची.

नोकरीभर त्यांनी कारखान्यात दुसऱ्यांचा माल तपासला होता. चांगल्यावर खडूने बरोबरची खूण, वाईटावर फुली. निवृत्त झाले तरी खिशात खडू असायचाच. हल्ली घरात फुली मारण्यासारखं त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

दोन्ही चाकं काढून नवे टायर त्यांनी बाहेरच्या खोलीतच चढवले. साबणाचं पाणी लावून, लोखंडी पट्ट्यांनी टायरच्या कडा उचलून, घामाघूम होऊन. फरशीवर फेसाचं तळं झालं. कोणी ओरडलं नाही. त्यांनी पुसायला मुद्दाम उशीर केला, तरीही कोणी ओरडलं नाही. मग त्यांनी स्वतःच पुसून घेतलं.

पुढचं चाक निमूटपणे बसलं. तपासनिसांनी त्याच्यावर बरोबरची खूण केली. मागचं त्यांनी कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीच्या जोरावर काढलं होतं; बसवायलाही तीच दोरी पुन्हा जिन्याच्या कठड्याला बांधली आणि तिच्या आधाराने गाडी डावीकडे कलती केली. माणसाचं काम दोरीने होतं हे पाहून त्यांना आनंद झाला, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं.

चाक अर्धं आत सरकलं आणि दोरी ताणू लागली. ओल्या चादरींची सवय असलेली दोरी ती. मोटरसायकल तिने कधी वाळत घातली नव्हती. गाडी सावकाश जमिनीकडे निघाली. तपासनीस धावत डावीकडे गेले, गुडघ्यांवर बसले आणि सीटखाली खांदा दिला. गाडी थांबली. तपासनीसही थांबले.

आता घोडं अडलं. गाडी सरळ करायला उभं राहायला हवं होतं आणि उभं राहायला गाडी सोडायला हवी होती. फोन जिन्याच्या पायरीवर होता, हाताबाहेर.

तेवढ्यात कुरियरवाला आला. "काका, दुसऱ्या मजल्यावर कोणी आहे का? अडकलात वाटतं! हात लावू?"

एका शब्दाचं काम होतं. पण पैज एकट्याने करण्याची होती.

"छे छे, जरा टेकलोय," तपासनीस म्हणाले.

"गाडी तुम्हाला टेकलीय, काका."

"आमचं असंच असतं!"

कुरियरवाला मान हलवत वर जाऊन आला, पुन्हा एकदा वाकून पाहिलं आणि गेला. मग समोरच्या बाई कुत्र्याला घेऊन निघाल्या. "व्यायाम का? छान! आमच्या ह्यांना सांगते," म्हणाल्या. कुत्र्याने तपासनिसांचा कान सविस्तर चाटला. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्यांनी तो चाटू दिला. खरं सांगायचं तर, कितीतरी दिवसांत त्यांना कोणी इतक्या आपुलकीने हात लावला नव्हता.

फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मुलगीच असणार. तपासनीस पायरीकडे बघत राहिले. खांद्याला मुंग्या आल्या, गुडघे बोलू लागले. पेपर घेऊन शेजारी कोणी उभं असतं तर निदान बातम्या तरी कळल्या असत्या, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. वरचे आले.

वरच्या मजल्यावर राहतात म्हणून वरचे. त्यांच्या कुंड्यांचं पाणी गाडीच्या सीटवर गळायचं. त्यावरून एकदा शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं, ते झालंच. जिन्यात समोर आले की दोघंही विजेच्या मीटरांकडे बघत पुढे जायचे. आज वरचे मीटरांकडे बघत खाली उतरले आणि मीटरांनाच म्हणाले, "तुमच्या मुलीचा फोन होता. तुम्ही उचलत नाही म्हणाली."

"तुमचा नंबर तिच्याकडे कसा?"

"अधूनमधून करते ती."

"कशाला?"

"संध्याकाळी तुमचा दिवा लागला का, विचारते. मी लागला म्हणून सांगतो."

तपासनिसांना आधी राग आला. मग तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना.

"आमचा लागला का, हे कोणी विचारत नाही," वरचे हळूच म्हणाले.

"लागतो की. उशिरा विझतो," तपासनीस बोलून गेले.

वरच्यांनी मीटरांवरची नजर काढून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "मी काय करू, सांगा."

तपासनिसांच्या डोळ्यांसमोर कपाटाचा तो कप्पा आला. पण खांदा खरोखरच संपला होता.

"तुम्ही फक्त धरा," ते म्हणाले.

वरच्यांनी धरली. तपासनीस कण्हत उठले, पलीकडे गेले, चाक आत सरकवलं, चेन चढवली, एक्सल ठोकला, नट आवळले. वरचे पाठीमागून कुंड्यांतल्या मिरचीवर पडलेल्या किडीची हकीकत सांगत होते. बातमी म्हणून ती वाईट नव्हती.

गाडी दोन्ही चाकांवर उभी राहिली. तपासनिसांनी फोन लावला.

"बाबा! कुठे होता? जीव टांगणीला लागला माझा!"

"हे बघ, एकट्याने नाही जमलं. वरच्यांनी गाडी धरली." त्यांचा आवाज बारीक झाला. "सामान कधी बांधू?"



"वरच्या काकांनी धरली? आणि तुम्ही धरू दिलीत?"

"हो."

"मग राहा तिथेच," मुलगी म्हणाली. ती रडत होती की हसत होती, हे तपासनिसांना कळलं नाही. "सामान नका बांधू. आणि त्यांना चहा पाजा."

तपासनिसांनी समाधानाने खिशातून खडू काढला आणि बरोबरची खूण करायला मागच्या चाकाशी वाकले.

"थांबा," वरचे म्हणाले. "टायरवर हा बाण आहे, तो चाक फिरतं त्या दिशेला हवा ना?"

तपासनिसांनी पाहिलं. बाण उलटा होता. म्हणजे चाक पुन्हा काढा, टायर उतरवा, फिरवून चढवा, सगळं पहिल्यापासून.

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

"धरून उभा होतो तेव्हाच. नाकासमोर तर होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

वरचे पुन्हा मीटरांकडे बघू लागले. "उद्या सकाळी मी मोकळा आहे," ते म्हणाले. "परवाही आहे."

तपासनिसांनी टायरवर ठसठशीत फुली मारली. उभ्या नोकरीत त्यांनी कुठलाही माल इतक्या आनंदाने नापास केला नव्हता.