रजेवरच्या कुंभोजकर मॅडम

आमच्या पंपांच्या कारखान्यात पगाराचं सॉफ्टवेअर बदललं, रजेचा पगार वेगळा काढायला लागले, आणि तेव्हापासून पगारी रजा घेणाऱ्याची दोन माणसं व्हायला लागली. एक कामावर राहतं, एक रजेवर जातं.

आता मला सांगा, ही काय पद्धत झाली? पूर्वी रजेचा पगार महिन्याच्या पगारातच धरायचे. माणूस एक, पगार एक, कुणाची तक्रार नव्हती. मी पगार विभागातच बसते, मला माहीत आहे. पण आमचे गिरमे साहेब म्हणाले, "कुंभोजकर मॅडम, पगार दोन निघाले की घेणारेही दोन लागणार. ऑडिटवाले विचारतात."

मी वर्षानुवर्षं रजा साठवली होती. अंगात ताप घेऊन आले, सणावाराला आले. कशासाठी? माझ्या शलाकाचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून व्हावं म्हणून. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. अर्ज केला, मंजूर झाला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरून हुबेहूब माझ्यासारखी बाई उठली, माझी पर्स घेतली आणि "येते हं" म्हणून चालू लागली. माझी पर्स!

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही कामावर," साहेब म्हणाले.

"संध्याकाळी तरी घरी जाऊ ना?"

त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "घरचा पत्ता रजेवरच्या मॅडमना लागलाय. एकच पत्ता दोघींना सिस्टीम घेत नाही. तुमचे भाऊ आहेत ना कुपवाडला? त्यांचा टाकू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पत्ता कुपवाडचा पडला आणि मी दादाकडे राहायला लागले.

शलाकाला मुलगी झाली. वहिनी बघून आली आणि कौतुक करत सुटली. "वन्सं, तिकडे किती शांत असता हो तुम्ही! एकदासुद्धा आवाज चढवला नाहीत."

"ती मी नव्हे!"

"इश्श! मी काय तुम्हाला ओळखत नाही?"

त्या रागातच मला सुचलं. पगारी रजेला माणूस निघतं. बिनपगारी रजेला पगारच नाही, मग माणूस कुठून निघणार? सकाळी अर्ज टाकला.

"अहो, एका वेळी दोन रजा?" साहेब म्हणाले.

"रजेवर ती आहे. मी कामावर आहे. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी सही केली. शेजारच्या खुर्चीवरून कुणी उठलं नाही. माझी मीच उठले.

घरी दार तिनेच उघडलं, माझं लुगडं नेसून. "हळू," ती म्हणाली, "बाळ आत्ताच झोपलंय."

"हो बाजूला!" मी सरळ स्वयंपाकघरात गेले. "डिंक असा तळतात होय? फुललाय कुठे तो? दातात चिकटून बसेल पोरीच्या! आणि बाळंतिणीची खिडकी सताड उघडी? अक्कल काय रजेवर गेलीय का तुझी?"

बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. "बघा, उठवलंत," ती शांतपणे म्हणाली. मला फार वाईट वाटलं. एवढी रजा साठवून मी आल्या आल्या नातीला रडवलं.

तेवढ्यात आतून हाक आली. "आई? आलीस?"

मी आत गेले. शलाकाने मला मिठीच मारली आणि ती हमसून रडायला लागली. "कुठे होतीस गं? इतके दिवस मला कुणी ओरडलंच नाही."

"कानाला रुमाल बांध आधी," मी म्हणाले आणि खिडकी लावली.

ती दुसरी अजून इथेच आहे. तिची रजा मंजूर आहे, मधेच परत पाठवता येत नाही म्हणे. पगार तिला मिळतो, मला छदाम नाही. बाळाला मी न्हाऊ घालते. दुपटी धुवायला तिच्याकडे दिली आहेत. पगार घेते ना, मग धुऊ दे.