मांपोंगच्या घाटाआधी हरवलेला दुसरा गिअर

"मी साधा मेकॅनिक नाही. माझ्यापुढे उभी राहिली की गाडीला घाम फुटतो. लोक त्याला ऑइलगळती म्हणतात," अशी आपली ओळख मास्टर येबोआ करून देत असे. कुमासी शहरातल्या सुआमे मॅगझिन या मेकॅनिकांच्या वस्तीत गॅरेजं शेकड्यांनी, पण दारावर 'वाहन गुप्तहेर' अशी पाटी एकट्या येबोआची. पाटीखालचं सगळं काम मात्र सतरा वर्षं त्याचा मदतनीस आडोमाको करत होता.

त्या सकाळी सुईणीचं काम करणारी नर्स सेरवा गाडी घेऊन आली, तीही पहिल्या आणि तिसऱ्या गिअरवर. तिचा जुना गिअरचा दांडा रश्श्यातल्या पळीसारखा फिरायचा, म्हणून आदल्याच दिवशी आडोमाकोने नवा आखूड दांडा आणि नव्या केबली टाकल्या होत्या. तेव्हा सगळे गिअर अलगद पडत होते.

"दुसरा, चौथा, रिव्हर्स, तिन्ही गायब," सेरवा म्हणाली. "मास्टर, मांपोंगच्या घाटापलीकडे एक बाई बाळंतपणात अडलीय. दुसऱ्याशिवाय चढू कशी?"

"गिअर गायब होत नाहीत, मॅडम. केले जातात." येबोआने भिंग काढलं. "शेजारच्या शेडवाल्याने रात्री केबली बदलल्या."

"गाडी रात्रभर मॅडमच्या अंगणात होती," आडोमाको म्हणाला.

"म्हणजे तो अंगणापर्यंत पोचला. माणूस धोकादायक आहे."

मग थंडीने केबल आखडल्याचा निष्कर्ष निघाला.

"मार्च चालू आहे, मास्टर."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही."

शेवटी आडोमाको गाडीखाली शिरला. त्याने केबली सोडवून गिअरबॉक्सचा खटका हाताने हलवून पाहिला, तर सगळे गिअर पडले.

"साक्षीदार ठणठणीत आहे," येबोआ म्हणाला, "पण घाबरलाय."

तासभर गेला. सेरवाचा फोन वाजला. अडलेल्या बाईच्या घरून विचारणा होती, कुठवर पोचलात. गाडीखालून आडोमाकोला तिची अस्वस्थ पावलं दिसत होती. केबली त्याच्याच हातच्या होत्या.

एवढ्यात केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकणारी आंटी फ्रेमा रिकामी ताटं न्यायला आली. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं.

"हा दांडा मागे जाईल कुठे? मागे पेटी आहे की."

दोन सीटांच्या मध्ये, पांढऱ्या एप्रनखाली, सेरवाची बाळंतपणाच्या सामानाची पत्र्याची पेटी होती. जुन्या लांब दांड्याची मूठ तिच्यावरून जायची, नव्या बुटक्याची थेट तिला अडत होती. काल तपासणीच्या वेळी पेटी घरी होती.

आडोमाकोने केबली जोडल्या, पेटी मागच्या सीटवर गेली आणि दुसरा गिअर पडला. सेरवाने आंटीचा हात दाबला आणि गाडी सुटली.

"मी तिथेच येत होतो," येबोआ म्हणाला. "आंटीने घाई केली."

दुपारी सेरवाने आडोमाकोला फोन केला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. आडोमाकोने तेलकट हाताने डोळे पुसले आणि मास्टरला सांगितलं.

येबोआ भिंग पुसत होता. "आणि ती पेटी?"

"मागच्या सीटवर आहे."

"तिच्यावर नजर ठेवायला हवी," येबोआ गंभीरपणे म्हणाला.