इदेबाईंचा ब्रेक

“सायकल म्हणजे असतं तरी काय? दोन चाकं, एक साखळी आणि एक घंटी!” निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात तोकुनागांनी बायकोला, फुमिएला, असं सुनावलं, तेव्हा ते अगदी गंभीर होते. कुरुमे शहरातल्या रबरी बुटांच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं माल तपासला होता. बुटाच्या टाचेवर तिळाएवढा फुगा दिसला तरी अख्खी पेटी परत! अशा माणसाला सायकलदुरुस्ती म्हणजे डाव्या हातचा मळ.

फुमिए नुसती “हं” म्हणाली. आमच्याकडच्या बायका निवृत्त नवऱ्याला ओलं पान म्हणतात. खराट्याला चिकटतं, झटकलं तरी सुटत नाही. हे पान आपणहून उडून जात होतं, तर ती कशाला अडवतेय!

पान उडालं ते बाजारगल्लीतल्या उमेनो आजींच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडलं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उंचीने हँडलएवढ्या. त्यांनी तोकुनागांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, खडू उचलला आणि दुकानाच्या मधल्या खांबावर लिहिलं: ‘तोकुनागा – हवा, पंक्चर.’

“बाकी?” तोकुनागांनी विचारलं.

“बाकी बघायचं.”

आणि ते आठ महिने बघतच राहिले. बघता बघता त्यांचा मूळचा ताठा कुठे गेला, त्यांनाच कळलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी एक ट्यूब तीनदा पाण्यात बुडवली, बुडबुडा सापडला, ठिगळ लावलं, चाक चढवलं, छाती फुगवली, आणि पाच मिनिटांत हवा जाऊन चाक बसलं! आजींनी टायरच्या आतून अंगठा फिरवला आणि नखाच्या टोकावर बारीकशी काच काढून दाखवली. “भोक बुजवलंस. भोक पाडणारा आतच बसलाय.”

आजी चाक उलटं टांगून फिरवायच्या आणि डोळे मिटायच्या. तारांवरून बोट फिरवत जायच्या, एखादी तार बद्द वाजली की तिथे थांबायच्या. मग स्टुलाखालच्या खिळ्याला अडकवलेली तार पिळायची छोटी चावी चाचपडून काढायच्या. पाव पिळा इकडे, अर्धा पिळा तिकडे. दारू पिऊन आल्यासारखं डुलणारं चाक हळूहळू शुद्धीवर यायचं आणि शेवटी असं फिरायचं की फिरतंय हेच कळू नये. तोकुनागांनी चाळीस वर्षांत लाखो बूट तपासले, पण एकाही बुटापुढे त्यांना हात जोडावेसे वाटले नव्हते. त्या चाकापुढे वाटायचे.

आता त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या खांबावर आपल्या नावापुढे तिसरा शब्द! कुठलाही चालेल. ‘साखळी’ म्हणा, ‘पायडल’ म्हणा. फुमिए रोज संध्याकाळी विचारायची, “लिहिला का हो?” आणि हे सूप ओरपत म्हणायचे, “उद्या.”

अशात डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला आजी बाजारात पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. रुग्णालयात निघताना विकलेल्या गायीने गोठ्याकडे बघावं तसं त्यांनी वळून दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तीसला येते. तोवर खांबावर लिहिलंय तेवढंच कर.”

“निर्धास्त असा!” तोकुनागा कमरेत वाकून म्हणाले. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

कारण दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस तारीख. वर्षअखेरची मोठी सफाई! त्या दिवशी आमच्याकडे माणूस मरणशय्येवर असला तरी आधी उशीखालची धूळ झटकेल. जुन्या वर्षाचा मळ नव्या वर्षात न्यायचा नाही म्हणजे नाही. त्यात तोकुनागा कारखान्यातले. तिथल्या भिंतीवर चाळीस वर्षं त्यांनी वाचलं होतं: नको ते फेका, हवं ते लावा, पुसा, चमकवा!

‘आजी येतील आणि बघतच राहतील,’ त्यांनी मनात म्हटलं. ‘तिसरा शब्द काय, आख्खं वाक्य लिहितील!’

त्यांनी डोक्याला फडकं बांधलं. संत्र्यांच्या खोक्यांमधले, चहाच्या डब्यांमधले, फुटक्या वाट्यांमधले सगळे नटबोल्ट, छर्रे आणि पट्ट्या एका ढिगात ओतल्या आणि मापाप्रमाणे लावल्या. पाच मिलिमीटरचे छर्रे इथे, सहाचे तिथे! चाकांच्या कडांवर जागोजागी खडूच्या खुणा होत्या, त्या घासून काढल्या. टायरांवर चिकटपट्टीचे तुकडे होते, ते सोलले. आतल्या भिंतीला गंजक्या ब्रेकपट्ट्यांचा झुबका लटकत होता. झिजलेल्या, काळ्याठिक्कर, चकचकीत गुळगुळीत झालेल्या सतरा पट्ट्या! ‘निरुपयोगी’ अशी चिठ्ठी लावून त्या पोत्यात गेल्या आणि पोतं मागच्या बोळात, भंगारवाल्यासाठी.

जमिनीवर प्रत्येक सायकलीसमोर खडूने काही ना काही खरडलेलं होतं. आजींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते वाचत कोण बसतो? साबण, ब्रश, बादलीभर पाणी! शेवटी खांब. खांबावरचा आठ महिन्यांचा काळा थर पुसताना नेहमीचा उत्साह जरा जास्तच झाला, आणि ‘तोकुनागा – हवा, पंक्चर’ हेही साबणाबरोबर वाहून गेलं. त्यांनी जीभ चावली. मग मनात आलं, बरंच झालं की! आता कुठे लिहिलंय, काय करायचं नि काय नाही?

एकोणतीसला सकाळी इदेबाई आपली सायकल न्यायला आल्या. बाई तोफू विकतात. मागे लाकडी पेटी, त्यात पाण्यात तरंगणारे तोफूचे पांढरे ठोकळे. आजींनी सायकलीला नवा टायर घालून ठेवला होता.

“अय्या! दुकान चुकले की काय मी?” इदेबाई दारातच थांबल्या. “काय हो साहेब, आजींचं दुकान आहे की दातांचा दवाखाना?”

तोकुनागा लाजले. सायकल बाहेर काढताना त्यांनी मागचा ब्रेक दाबला आणि, कीऽऽऽऽ! शेजारच्या मासेवाल्याचं मांजर फळीवरून खाली पडलं.

“हे असंच वाजतं?” त्यांनी कानात बोट घालून विचारलं.

“बावीस वर्षं!” बाई अभिमानाने म्हणाल्या. तोकुनागांना तो अभिमान ऐकू आला नाही. त्यांना ऐकू आली व्यथा. बिचारी बाई! बावीस वर्षं ही कर्कश्श कटकट सोसतेय! बाई टायर दाबून बघेपर्यंत ह्यांनी तेलाची पिचकारी उचलली आणि ब्रेकच्या डब्यात चांगली चार-पाच वेळा मारली. परत दाबला. चूं नाही की चां नाही! पण बाईंना ते आत्ताच सांगितलं नाही. वाटेत कळेल, आश्चर्याचा सुखद धक्का बसेल!

धक्का बसला. दुपारी बाई सायकल ढकलत पायी परत आल्या. केसांत पाइनच्या सुया, एका पायात चप्पल, सोबत मद्याच्या दुकानाचा मालक, त्याच्या हातात मोडका बांबू.

“साहेब,” इदेबाई धापा टाकत म्हणाल्या. त्यांना दमा आहे. “पुलाच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला. काहीच नाही! लोण्यात हात घातल्यासारखं! पुढचा दाबत, पाय घासत आले, आणि ह्यांच्या दारातली नववर्षाची बांबू-पाइनची सजावट आडवी आली.”

“सजावट आडवी आली नाही, तुम्ही आलात!” मालक म्हणाला. “तरी बरं, बांबू मऊ होता.”

“ते जाऊ द्या हो. पण माझा तोफू!” बाईंचा आवाज कापला. “पेटी भरलेली तशीच परत आली. एक गिऱ्हाईक बाहेर आलं नाही. ब्रेक वाजला नाही ना!”

“म्हणजे?”

“अहो, बाकीचे तोफूवाले पिपाणी फुंकत फिरतात, दम्यामुळे मला ती फुंकता येत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर ब्रेक दाबला की बायका भांडी घेऊन बाहेर येतात. बावीस वर्षं! आजी दरवेळी मुद्दाम तसाच ठेवायच्या. खाली खडूने लिहूनसुद्धा ठेवलं होतं, ‘आवाज राहू दे’.”

तोकुनागांनी खाली पाहिलं. जमीन आरशासारखी लखलखत होती आणि त्यात त्यांचंच पडलेलं तोंड दिसत होतं.

“वर्षअखेरचे दोन दिवस राहिलेत,” बाई म्हणाल्या. “ह्या दोन दिवसांवर माझा अख्खा हिवाळा निघतो. मी काय करू, सांगा.”

तोकुनागांची पाचावर धारण बसली. रात्री त्यांना सूपही गेलं नाही. फुमिएने त्या दिवशी “लिहिला का?” असं विचारलं नाही. गल्लीतली बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

तीस तारखेला उमेनो आजी गळ्यात हात बांधून आल्या. दुकानात पाऊल टाकलं आणि उभ्याच राहिल्या. छर्ऱ्यांच्या ओळी पाहिल्या. धुतलेली चाकं पाहिली. कोरा खांब पाहिला. तोकुनागांनी कपाळ जमिनीला टेकवलं होतं. निदान जमीन स्वच्छ होती.

“ह्या तीन चाकांचे छर्रे वेगवेगळ्या डब्यांत होते,” आजी शेवटी म्हणाल्या. “ज्या चाकात झिजले त्याच चाकात परत जातात. आणि कडेवरचा खडू म्हणजे चाक कुठे डुलतं, त्याची खूण.”

“हो.”

“टायरवरची चिकटपट्टी म्हणजे हवा कुठून जाते, ती जागा.”

“हो.” ह्यावेळी आवाज जमिनीतूनच आला.

“ऊठ. आधी इदेचा ब्रेक. माझा हात गेलाय, कान आहेत. हात तुझे.”

तोकुनागांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. ते पश्चात्तापाचं की आनंदाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मागचं चाक उतरलं. ब्रेकचा डबा उघडला तर आत तेलात न्हालेली पट्टी. आजींनी नाक मुरडलं. “ही गेली. पट्टी धरते ती कोरडेपणावर. तेल प्यायली की संपली. नवीन पट्टी घाल.”

घातली. दाबली. सायकल जागच्या जागी थांबली. आवाज मात्र शून्य! दारात उभ्या असलेल्या इदेबाईंचा चेहरा पडला.

“नवी वाजत नाही,” आजी म्हणाल्या. “गुळगुळीत झालेली जुनी लागते. पण धरणारी. भिंतीवर लटकवलेल्या आहेत बघ, तिच्यासाठीच ठेवल्यात सतरा.”

तोकुनागा भिंतीकडे न बघताच मागच्या बोळाकडे पळाले. नशीब थोर! भंगारवाल्यानेही सफाईची सुट्टी घेतली होती. पोतं होतं तिथेच होतं. साहेब कमरेपर्यंत पोत्यात शिरले आणि झुबका घेऊन बाहेर आले, तेव्हा ‘निरुपयोगी’ची चिठ्ठी त्यांच्याच कपाळाला चिकटली होती. आजींनी ती पाहिली, पण काढली नाही.

मग सुरू झाली एक मैफल! पहिली पट्टी: धरते, पण वाजत नाही. दुसरी: वाजते, पण सायकल हातभर पुढे सरकते. “काढ!” आजी कडाडल्या. “आधी थांबली पाहिजे, मग वाजली पाहिजे. उलट चालणार नाही.” तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक वेळी चाक काढा, डबा पुसा, पट्टी बसवा, बोल्ट आवळा. “फार आवळलास. चाक घासतंय, ऐकू येत नाही?” आठव्या पट्टीला तोकुनागांना खरंच ऐकू आलं. अगदी बारीक, कागदावरून नख फिरावं तसं. आजींनी सांगायच्या आत त्यांनी बोल्ट अर्धा पिळा सैल केला. आजींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

तोवर गल्ली गोळा झाली होती.

“हा तिचा नव्हे! तिचा जरा रडका आहे!” मासेवाला म्हणाला.

“शेवटाला वर चढतो तो,” मद्याचा दुकानदार म्हणाला. बांबूचं दुःख तो विसरला होता.

अकरावी पट्टी. तोकुनागांनी बोल्ट आवळला, कान लावला, किंचित सोडला, सायकल ढकलली आणि ब्रेक दाबला.

कीऽऽऽऽईंऽऽ!

सायकल खिळल्यासारखी थांबली. मांजर फळीवरून पडलं. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि एक म्हातारी ओरडली, “इदे, दोन ठोकळे ठेव! घट्ट!”

सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. इदेबाई पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसत सायकलीवर बसल्या आणि निघाल्या. प्रत्येक कोपऱ्यावरून तो भयानक, अंगावर काटा आणणारा, सुंदर आवाज येत राहिला. एकतीसला दुपारपर्यंत पेटी चार वेळा भरली आणि चार वेळा रिकामी झाली.

त्याच दुपारी दुकानात एक तरुण गृहस्थ तावातावाने शिरला. गल्लीत नुकताच राहायला आला होता. “ती तोफूवाली बाई! तो आवाज! कानाचे पडदे फाटले! तो ब्रेक दुरुस्त करणारा गाढव कोण आहे?”

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस ताडकन उभा राहिला, अंगरखा नीट केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “मी!”

गृहस्थ आला तसा निघून गेला. तोकुनागा मागे वळले, तर आजी डाव्या हाताने खांबावर खडू ओढत होत्या. अक्षर पूर्वीपेक्षा वाईट होतं, पण ह्यावेळी त्यांनी एकेक अक्षर वाचलं. ‘तोकुनागा – हवा, पंक्चर, ब्रेक.’

तिसरा शब्द! फुमिएला कधी सांगतो असं झालं. ते कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“थांब, अजून संपलं नाही,” आजी म्हणाल्या आणि त्याखाली दुसरी ओळ लिहिली. तोकुनागांनी आशेने मान वर केली.

‘झाडूला हात लावायचा नाही.’