जादुई भिंगाच्या फितुरीची आणि हिरव्या बटणाच्या सुटकेची हकीकत

मामेभाऊसाहेबांचा खलिता येऊन पावला त्यास बहुत दिवस जाहले, आणि उत्तर गेले नाही. खलित्यात मजकूर ऐसा की, तुमच्या ताईंनी फोनातल्या जाहिरातींचा समूळ बंदोबस्त केला ऐसे ऐकतो, आमच्या फोनातही तोच उच्छाद आहे, बोलून विचारावे तर फोनच गनिमाच्या ताब्यात, सबब कागदावर लिहितो, मोहीम कैसी जाहली ते साद्यंत कळवावे. सेवकाने त्याच दिवशी लेखणी उचलली, परंतु पहिले वाक्य कच्चे वाटले, दुसरे फुगले, तिसरे तर कोणाच्या तरी चांगल्या पुस्तकातून पळून आल्यासारखे दिसले, आणि मग कागद पालथा घातला तो पालथाच राहिला. आता धीर करून लिहितो. अधिकउणे असेल ते सेवकाच्या मतीचे. पराक्रम जो आहे तो ताईसाहेबांचा.

ताईसाहेब म्हणजे सेवकाची थोरली बहीण, शिवणकामाच्या दौलतीच्या धनी. रस्त्याकडची खोली हेच दुकान, खिडकीशी शिलाईचे यंत्र, खुंटीवर मोजपट्ट्या, आणि पडदे, उशांचे अभ्रे, लांब पडलेल्या पाटलोणी यांचा कारभार तेथे अव्याहत चाले. मागच्या खोलीत सेवक, छापखान्यात मुद्रिते तपासून निवृत्त जाहलेला, पुस्तकांच्या आडोशाने राहतो. सेवकाने स्वतःचा फोन कधी बाळगला नाही, कारण फोन बाळगला म्हणजे तो वाजतो, आणि वाजला म्हणजे बोलावे लागते. सबब घरात फोन एकच, तो ताईसाहेबांचा, आणि गिऱ्हाइकांची सारी रयत त्यावरूनच दाद मागे.

ऐसे असता ताईसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूने ठाणे दिले, आणि सुईचे नेढे दिसेनासे जाहले. तेव्हा फोनात एक जाहिरात आली की, जादुई भिंग, फुकट, बारीक ते मोठे दिसेल. ताईसाहेबांनी ते उतरवून घेतले. भिंगाने उंबरठ्यातच सनदा, म्हणजे परवानग्या, मागितल्या, ओळखीच्यांचे नंबर पाहण्याचीही, आणि त्या सनदांची अक्षरे मुंगीएवढी, आणि ती वाचावयास भिंग पाहिजे, आणि भिंग तर सनदा हाती पडल्याविना कामास लागेना. मग ताईसाहेबांनी जे बटण मोठे आणि रंगीत दिसले ते दाबले, आणि दर सनदेस ऐसेच केले. इतके होताच भिंगाने सुई क्षणभर मोठी दाखविली, आणि दुसरे दिवशी त्याचे चिन्ह पडद्यावरून गडप जाहले. ताईसाहेबांचा उद्गार निघाला की, 'गेलं वाटतं. फुकटचं कुठे टिकतंय!' परंतु ते गेले नव्हते. ते आत दडून बसले होते.

मग लूट सुरू जाहली. फोन उघडावा तो टकलावर केस उगवणारे तेल पुढे येई, ते हटवावे तो सोफे येत, सोफ्यांमागून रत्ने फोडण्याचा खेळ वाजंत्री लावून येई. जाहिरात बंद करण्याची फुली कोपऱ्यात डासाएवढी, ती ताईसाहेबांस दिसेना, आणि बोट चुकून मधोमध पडे, आणि मग थेट बाजारात जाणे होई. एक वकीलसाहेब कमरेचे माप देत उभे असता शेजारीच ठेविलेल्या ताईसाहेबांच्या फोनातून बाईचा आवाज गरजला की, पोट सुटलंय का? वकीलसाहेब पाटलोण न शिवताच चालते जाहले.

येथवर ताईसाहेबांनी सोसले. परंतु नेत्ररुग्णालयातून फोनावर लेखी निरोप आला, तो सेवकाने वाचून दाखविला की, एका रुग्णाची शस्त्रक्रिया रद्द जाहली, ती जागा तुम्हांस मिळेल, उद्या सकाळी फोन करू, उचलला तर तुमची, न उचलला तर यादीतील पुढच्याची. आणि मग आपली पाळी कधी येईल याचा भरवसा नाही. ताईसाहेबांनी सुई हाती घेतली, दोरा ओठांनी ओला केला, आणि नेढ्याच्या बाजूने, वरून, खालून फिरवीत राहिल्या, आणि अखेर सुई सेवकापुढे धरिली. आजवर ऐसे कधी केले नव्हते.

फोन येतो की नाही याची परीक्षा घ्यावी म्हणून शेजारच्या छायाचित्रांच्या दुकानाचे मालक, ज्यांस तमाम रस्ता फ्लॅशराव म्हणतो, त्यांस पाचारण केले. त्यांनी आपल्या फोनावरून फोन लाविला. घंटी वाजली, आणि त्याच क्षणी हिरव्या बटणावर सोफा येऊन बसला. ताईसाहेबांनी बटण समजून सोफा दाबिला, आणि घंटी वाजून वाजून निमाली. रुग्णालयास दुसरा नंबर द्यावा म्हटले, तर तेथील फोन सदैव गुंतलेला. बाका प्रसंग.

फ्लॅशरावांनी छाती पुढे काढून मसलत दिली की, 'ताई, हे बघा, इथेच लिहिलंय, फोनमध्ये विषाणू सापडले, रक्षक उतरवा. दाबा की!' ताईसाहेबांनी पुसिले की, 'हे सांगतंय कोण?' तेव्हा फ्लॅशराव वदले की, 'फोनच सांगतोय!' वस्तुतः ती सोफ्याच्याच टोळीची जाहिरात होती, परंतु हे ध्यानी येण्याआधीच रावांचे बोट पडले होते. मग रक्षक आत आला, त्यानेही सनदा घेतल्या, आणि आता भिंगाची जाहिरात हटवावी तो रक्षकाची येऊ लागली. विषाणूंचे नाव ऐकून ताईसाहेबांनी फोन फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकांच्या कपड्यांपासून दूर ठेविला, आणि रावांस हुकूम जाहला की, 'तुम्ही आता फक्त स्टुलावर बसा. हात मांडीवर.'

दुसरे दिवशी सकाळी दुकानाचे दार अर्धे लोटून मोहीम निघाली. सेवकाच्या पदरी एकच हत्यार होते, ते म्हणजे वाचणे. फोनाच्या खोक्यात आलेली माहितीपुस्तिका, जी भूतलावर कोणी उघडली नसेल, ती सेवकाने रातोरात शुद्धिपत्रासकट वाचिली होती. तीत लिहिले होते की, फोन बंद करण्याचे बटण पडद्यावर दाबून धरिले असता सेफ मोड नामक बंदोबस्त लागतो, आणि बाहेरून उतरविलेले तमाम प्रोग्राम जागच्या जागी स्वस्थ होतात, फक्त फोनाची जुनी चाकरमंडळी जागी राहते. सेवकाने हे चाचरत सांगितले, आणि 'चुकतही असेन' ऐसे नेहमीप्रमाणे शेवटी जोडिले. आज्ञा जाहली की, 'चुकलास तर चुकलास. दाब.'

बटण दाबून धरिले. फोन मावळला, पुन्हा उगवला, आणि पडदा ऐसा शांत की ताईसाहेब कुजबुजत बोलिल्या की, 'मेले का सगळे?' सेवक म्हणाला की, 'झोपलेत.' मग सेटिंगांच्या मुलखात शिरून प्रोग्रामांची यादी काढिली, आणि छापखान्यात जोडीदारास मुद्रित वाचून दाखवावे तैसे सेवक एकेक नाव मोठ्याने वाचीत चालला. रक्षक सापडला, तो एका झटक्यात काढिला. परंतु भिंग नाही. फ्लॅशराव स्टुलावरून ओरडिले की, 'नाहीच तर काढायचं काय?' सेवकाची नजर मात्र दोन नावांमधल्या कोऱ्या जागेवर अडखळली. जन्मभर सुटलेल्या ओळी शोधिल्या त्या नजरेस ती पोकळी रुचेना. तेथे बोट ठेविले, आणि कोरी जागा उघडली. आत नाव नाही, चिन्ह नाही, परंतु सनदा मात्र भरगच्च. तेच भिंग, नाव टाकून वेष पालटून बसलेले.

काढून टाकण्याचे बटण दाबिले, तर ते करडे, निर्जीव, दाद देईना. फ्लॅशरावांनी सुचविले की जोराने दाबा, आणि सेवकाने अविचाराने जोराने दाबिलेही. तेव्हा ताईसाहेबांनी सेवकाचा हात धरिला आणि फर्माविले की, 'ओढाओढ करू नकोस रे. उसवताना ओढलं की कापड फाटतं. कुठेतरी गाठ मारली असेल त्याने. आधी गाठ बघ.' सेवक पुन्हा शोधू लागला, आणि सुरक्षेच्या दालनात, अगदी तळाशी, फोनाच्या कारभाऱ्यांची यादी सापडली, आणि तीत तीच बिननावाची कोरी ओळ कारभारी म्हणून मिरवीत होती. आपणच दिलेली सनद! तिची कारभारकी काढून घेतली, आणि परतून येऊन पाहतो तो करडे बटण जिवंत जाहलेले. ताईसाहेब म्हणाल्या की, 'बोट माझं ठेव त्याच्यावर. मीच बोलावलं, मीच घालवते.' सेवकाने त्यांचे बोट नेमके तेथे नेऊन ठेविले, त्यांनी दाबिले, आणि यादीतील पोकळी मिटली.

मग फोन पुन्हा नेहमीच्या चालीवर आणावा म्हणून बंद करून चालू केला, आणि तो अर्धवट उगवत असता सकाळ सरत आली, आणि कोणीच कोणाकडे पाहीना. पडदा उजळला. घंटी वाजली. हिरवे बटण मैदानात एकटे उभे, त्यावर सोफा नाही, तेल नाही, रत्ने नाहीत. ताईसाहेबांनी ते दाबिले, आणि पलीकडून रुग्णालयाच्या बाई बोलिल्या, आणि ताईसाहेब 'हो, येते, उपाशीपोटी, हो' ऐसे म्हणत राहिल्या, आणि फ्लॅशराव स्टुलावर उभे राहून निःशब्द टाळ्या पिटीत राहिले.

या यशानंतर दुकानात जाहीर करण्यात आले की, फोनातल्या अधिकृत दुकानावाचून दुसरीकडून काही उतरवू नये. भिंगास आपल्या ओळखीच्यांचे नंबर कशाला पाहिजेत, हे ज्याने त्याने बटणाआधी पुसावे. फोनात विषाणू सापडले ऐसे जाहिरात सांगू लागल्यास तीच चोर समजावी. आणि फ्लॅशरावांनी कोणाच्याही फोनास हात लाविताना आधी विचारावे. आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, पट्ट्या निघाल्या, आणि ताईसाहेबांनी सर्वांआधी सेवकाकडे पाहून म्हटले की, 'अरे, किती म्हातारा झालायस!'

पुढील मजकूर खलिता गेल्यावर सेवकाने आपल्या दप्तरातल्या नकलेत जोडिला. हा कागद येथवर लिहून होताच ताईसाहेबांनी ओढून घेतला, हात लांब धरून, चष्म्याविना, खिडकीशी उभे राहून अथपासून इतिपर्यंत वाचिला, आणि हुकूम जाहला की, 'एवढ्या लढाया कशाला रे? त्या बिचाऱ्याचा फोन तिकडे बोंबलतोय!' मग सेवकाच्याच लेखणीने कागदाच्या माथ्यावर आपल्या हाताने लिहिले की, यादीत बिननावाची ओळ शोधा, आधी तिचा अधिकार काढा, मग तिला काढा, खालचं सवडीने वाचा. पाकीट चिकटविले, आणि सेवकाने उद्या पाहू म्हणेपर्यंत त्या पायऱ्या उतरल्या, कोणाचा हात न धरिता, डावीउजवीकडे पाहून रस्ता ओलांडला, आणि खलिता टपालपेटीत टाकिला. मोहीम फत्ते जाहली.