उजव्या हातातली अंगठी

अचूकपणा माझ्या रक्तातच आहे! आमच्या सीदी बिश्र मोहल्ल्यात कुणालाही विचारा. माझ्या घरात भिंतीवरची तसबीर गव्हाच्या दाण्याइतकीही कलत नाही. त्यामुळे सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार आणि त्यांच्या जुन्या फोटोंच्या स्लाइड टीव्हीवर बघायच्या असं ठरलं, तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "दुकानात कशाला द्यायच्या? मी स्कॅन करतो. केसाचा फरक पडला तर नाव बदलेन!"

"गिझर दुरुस्त करताना हेच म्हणाला होतात," माझी बायको सुहैर म्हणाली. "अजून तुमचं नाव मेधतच आहे आणि पाणी अजून गारच आहे."

मी लक्ष दिलं नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्मचा एवढासा तुकडा, पण खिडकीशी धरला की आत अख्खा उन्हाळा पेटायचा! समुद्र निळा, वाळू पिवळी, आणि सासूबाई इनायत हानम हरणीसारख्या सडपातळ. असा उन्हाळा परक्याच्या हाती द्यायचा?

स्कॅनरच्या सपाट काचेवर पहिली स्लाइड ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. चित्र आलं ते काळंकुट्ट! तव्यावर विसरलेली भाकरी बरी. मग कळलं, स्लाइडला पाठीमागून उजेड लागतो आणि झाकणातला दिवा मी लावलाच नव्हता. दिवा लावला. आता समुद्र गुलाबी आणि सासूबाई मुलुखियाच्या भाजीसारख्या हिरव्यागार!

"आईला दाखवू का?" सुहैरनं विचारलं.

"खबरदार!"

यंत्र आपल्या मनानं रंग सुधारत होतं, ते बंद केलं. सासूबाई गोऱ्या झाल्या, पण प्रत्येक चित्रात वरून खाली रेघ. स्लाइड बसवायच्या चौकटीला वर एक खाच असते, तिथून यंत्र आधी स्वतःचा उजेड तपासून घेतं. त्या खाचेत मी खाल्लेल्या टरबुजाच्या बीचं टरफल अडकलं होतं. ते काढलं. धूळ फुंकली. प्रत्येक स्लाइडची चकचकीत बाजू कुठली, मंद बाजू कुठली, हे तिरपी धरून पारखलं, कारण ती उलटी पडली तर आरशातल्यासारखं डावं उजवं होतं. शेवटी चित्रं अशी उतरली की त्यांतून खारा वारा यावा!

आता आमच्या घरातला पेच सांगतो. माझी मुलगी युम्ना हिचा साखरपुडा हाझेमशी झालाय. पोरांना दोघांनीच एकदा सिनेमाला जायचं होतं. मी बाप, पण हुकूम सासूबाईंचा! त्यांनी तसबीचे मणी फिरवत सांगून टाकलं होतं, "साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. लग्न होईपर्यंत तुझ्या आजोबांबरोबर मी घराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता!" त्यामुळे बिचारा हाझेम आमच्या बैठकीत दार उघडं ठेवून बसायचा आणि सासूबाईंच्या नजरेखाली रव्याचा गोड बसबूसा खायचा. त्याचं वजन वाढलं, प्रेम होतं तिथंच राहिलं.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे जेवायला जमले. ताटात मासे, टीव्हीवर स्लाइड. वाहवा होत होती. आणि मर्सा मतरूह या लांबच्या समुद्रगावचा फोटो आला.

समुद्रावरची गच्ची. सासरेबुवा फिक्री बे पट्ट्यापट्ट्यांच्या रात्रीच्या पोशाखात कलिंगड कापताहेत. शेजारी सासूबाई, ओले केस मोकळे, हसताहेत. हसू असं, की जात्यावरची ओवी आपसूक ओठांवर यावी.

आमच्याकडे फोटोत बायका तोंड नंतर बघतात, आधी हात. साखरपुड्याची अंगठी उजव्या हातात असते, लग्नाला ती डाव्या हातात जाते.

"आजी!" युम्ना किंचाळली. "दोघांच्या अंगठ्या उजव्या हातात!"

हाझेमच्या घशात काटा अडकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"लग्नानंतरचा फोटो आहे तो!" सासूबाई कडाडल्या.

"मग अंगठी उजवीकडे कशी?"

"ते तुझ्या बापाला विचार! मेधत, पन्नास वर्षं जपलेली अब्रू तुझ्या यंत्रानं पाच मिनिटांत वाळत घातली!"

मी अचूक माणूस, पण जावईही आहे. लगबगीनं उठलो. "आई, माझीच चूक! ही एक स्लाइड उलटी ठेवली गेली. आत्ता सरळ करतो!" एक बटण दाबलं, चित्र फिरलं, अंगठ्या टुणकन डाव्या हातात! सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माशाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. जावई म्हणून मिळालेला माझा पहिला मोठा तुकडा!

तो मी तोंडात घालणार, तेवढ्यात युम्ना म्हणाली, "बाबा, आजोबांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या बाजूला कसा?"

सगळ्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या सासरेबुवांकडे. त्यांच्या सदऱ्याचा खिसा डावीकडे होता. हाझेमनं हळूच स्वतःची छाती चाचपली. त्याचाही डावीकडेच.

आणि माझं रक्त उसळलं! "म्हणजे पहिल्यांदा मी बरोबरच स्कॅन केलं होतं!" मी आनंदानं ओरडलो. "पाहिलंत? केसाचा फरक नाही!"

सुहैरनं टेबलाखालून असा चिमटा काढला की अजून निळा आहे.

"बरोबरच आहे," सासरेबुवा कलिंगडाच्या आठवणीनं खुशीत येऊन म्हणाले. "तेव्हा नुसता साखरपुडाच झाला होता. इनायत, काय गोड कलिंगड होतं गं!"

"फिक्री!"

"आजी, उंबरा ओलांडला नव्हतास ना?" युम्ना टाळ्या पिटत म्हणाली. "थेट मर्सा मतरूहच ओलांडलंस! आता आम्ही सिनेमाला जाणार!"

सासूबाईंनी शांतपणे हात पुसले. "फोटोत माणसं किती?"

"दोन."

"मग फोटो कुणी काढला? समुद्रानं?"

युम्नानं आजोबांकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांनी! अख्ख्या सहलीत ते आमच्या मधे जेवले, मधे चालले, मधे पोहले. तुम्हीही जा की सिनेमाला. खुशाल जा! बापाला घेऊन. आणि मेधत, आल्यावर मला फोटो दाखवायचा. अचूक!"

तर गुरुवारी मी रमल स्टेशनच्या थिएटरात दोघांच्या मधे बसलो. पोरगी उजवीकडून उसासे टाकतेय, पोरगा डावीकडून. माझ्या पोटावरून शेंगदाण्यांची पुडी इकडून तिकडे, तिकडून इकडे. मध्यंतरात मला स्वतःचीच लाज वाटली. बाप आहे की रेल्वेचं फाटक?

बाहेर आल्यावर समुद्रकाठच्या कठड्याशी दोघांना उभं केलं आणि म्हणालो, "जरा मागे होतो. सगळा समुद्र आला पाहिजे." मागे होता होता मी पार कणीसवाल्याच्या गाडीपर्यंत गेलो. दोघं वाऱ्यात उभी. हळूच त्याचा हात तिच्या हाताकडे गेला आणि तिथंच राहिला. मी फोटो काढला.

घरी सासूबाईंनी चष्मा लावून मोबाईल डोळ्यांशी धरला.

"हा मधे काळा ढग कसला?"

"माझा अंगठा, आई. चुकून मधे आला."

"बरोब्बर त्यांच्या हातांवर?"

अचूकपणाची फुशारकी मारणारा माणूस. भिंतीवरची सरळच असलेली तसबीर सरळ करू लागलो.

सासूबाईंनी त्या ढगावर बोट ठेवलं. मग मोबाईल परत देत हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांचाही अंगठा असाच यायचा."