क्लॅरीचं अर्धं वाक्य

टीव्हीखालचा मोठा प्लेअर काढून टाकायचा, हा निर्णय माझा एकट्याचा होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते रोज कुणी ना कुणी सांगतंच.

तो प्लेअर चालू केला की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज करायचा. त्याच्या जागी मी तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला. त्याला पंखा नाही, आवाज नाही आणि वीज तर फ्रिजमधल्या दिव्याइतकीही लागत नाही. सगळी जोडणी मी घरीच केली. (मी कडाइना गावच्या कौन्सिलच्या पाणी खात्यात कारकून आहे, पण यंत्रांबद्दल मला जे कळतं ते मी माझं मी शिकलोय. ते दिसून येतं, असं माझी बायको म्हणते.)

"हे काय, साबणाची डबी?" ग्लेनिसने पहिल्याच दिवशी विचारलं.

"यात आपली सगळी चित्रं, सगळे व्हिडिओ मावतील."

"आणि दिसतील?"

तिला असे प्रश्न नेमके कसे सुचतात, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात माझे सासरे, क्लॅरी पॅस्को, गेले. आदल्या नाताळला (आमच्याकडे तो ऐन उन्हाळ्यात येतो) आमच्या मुलीने, टॅम्सिनने, परसात त्यांचा व्हिडिओ घेतला होता. टोमॅटो सॉसच्या बाटलीला फोन टेकवून ठेवला आणि ती पाव्हलोव्हा, म्हणजे आमचा सायीचा नाताळचा केक, उन्हातून आत न्यायला पळाली. फोन आपला एकटाच चित्र घेत राहिला. पुढे वॉलारूच्या धक्क्यावर खेकडे पकडताना तो फोन समुद्रात गेला. मात्र त्याआधीच तिने तो व्हिडिओ पुरता न बघताच मला दिला होता आणि मी तो तसाच एका पेनड्राइव्हवर जपून ठेवला होता. जगात त्याची तेवढी एकच प्रत. (दुसरी मी करणारच होतो.)

माझ्या सासूबाईंनी, नोलांनी, यंदाच्या नाताळसाठी एकच गोष्ट मागितली. "मला भेट नको नि फुलं नकोत. जेवण झाल्यावर क्लॅरीला एकदा बघू द्या." आमच्याकडे सासूला नावानेच हाक मारतात. मीही मारतो, पण आवाज आपोआप खाली येतो.

नाताळच्या आदल्या आठवड्यात मी व्हिडिओ लावून पाहिला. क्लॅरी बागेतल्या खुर्चीत बसलेत, मागे हिरवळीवर पाण्याचा फवारा फिरतोय. (त्या दिवशी फवाऱ्याचं तोंड जरा अडकलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं होतं.) चित्र मात्र अडखळत होतं. क्लॅरींचा हात वर जाई, थांबे, आणि एकदम खाली दिसे. मग त्यांनी मान वळवली, घराकडे पाहत बोट उगारलं आणि म्हणाले, "नोला, माझं काही बरंवाईट झालं, तर एक गोष्ट कायम लक्षात ठेव..."

आणि चित्र थिजलं. क्लॅरी तोंड उघडं ठेवून, बोट वर करून तसेच बसले.

माझ्या मागे काहीतरी पडलं. वळून पाहतो तर ग्लेनिस उभी, आणि तिच्या पायाशी धुतलेल्या कपड्यांची टोपली.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे मशीन अडकलंय."

"मर्व, माझा बाप काहीतरी सांगतोय!"

"सांगताहेत, पण अजून सांगून झालेलं नाही."

पुढे सरकवून पाहिलं, तर नुसते हिरवे चौकोन. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर पुन्हा तेच बोट. तोवर ग्लेनिसने आईला फोन केला होता आणि संध्याकाळपर्यंत ते अर्धं वाक्य सगळ्या पॅस्को खानदानात पोचलं होतं.

नोलांनी मला फोनवर बोलावून घेतलं. मग म्हणाल्या, "मी आत हॅम कापत होते, मर्व. त्याचा आवाज ऐकू आला होता मला. मला वाटलं, कुत्र्याशी बोलतोय." त्यांनी नाक शिंकरलं. "मी ओ सुद्धा दिली नाही."

माझा मेव्हणा डॅरिल मात्र वेगळ्याच काळजीत होता. "बाबांच्या मासेमारीच्या बोटीबद्दल असणार," तो म्हणाला. "बोट मला द्यायची, हेच सांगत असणार बाबा."

ग्लेनिसने सुचवलं, "तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लाव ना."

"तिथे घरची पेनड्राइव्ह लावायला सक्त मनाई आहे."

"कुणाची?"

"माझी. तो नियम मीच लिहिलाय."

"मग दुकानात दे."

"ग्लेनिस," मी म्हणालो, "हे मी करतो." (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच तीन शब्दांनी झालेली आहे.)

दुखणं काय ते मी शांतपणे शोधून काढलं. हल्लीचे फोन व्हिडिओ फार दाबून भरतात. पिशवीत कोंबलेल्या तंबूसारखं ते असतं. जागा कमी लागते, पण बघायचं म्हणजे तंबू बाहेर काढून उभा करावा लागतो, आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत, पुन्हा पुन्हा. नव्या मशीनमध्ये त्या एका कामासाठी वेगळा भाग असतो. माझ्या डबीत तो नव्हता. तिचं एकुलतं एक डोकं सगळे तंबू हाताने उभारत होतं. त्यातून मागे फवारा. त्याचा प्रत्येक थेंब वेगळा, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. डबी तापायची, आणि तापली की जीव वाचवण्यासाठी स्वतःच मंद व्हायची.

म्हणजे तिला गार ठेवलं की काम फत्ते!

मी ती फ्रिजमध्ये ठेवून टॅम्सिनच्या कुत्र्याचा समुद्रकिनाऱ्यावरचा व्हिडिओ लावून पाहिला. अहाहा! लाट न् लाट सुरळीत. क्लॅरींचा व्हिडिओ मुद्दाम लावला नाही. ते वाक्य नोलांच्या आधी ऐकण्याचा मला हक्क नव्हता.

पण नाताळला फ्रिज कुठून मिळणार? त्यात हॅम, कोळंबी, बटाट्याचं सॅलड, आणि दार दर मिनिटाला उघडं. म्हणून मी बैठकीच्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात, बर्फाची पेटी ठेवली. तळाशी थोडा बर्फ, त्यावर ग्लेनिसचा जेवणाचा डबा, आणि डब्यात घट्ट बंद पिशवीत माझं मशीन पेनड्राइव्हसकट. केबल झाकणाखालून, खिडकीतून थेट टीव्हीला. मी दोन पावलं मागे सरकून त्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला माझा अभिमान वाटला.

नाताळचा दिवस उजाडला तोच भट्टीसारखा. उत्तरेकडून गरम वारा सुटला होता. नोला त्यांच्या निळ्या ड्रेसमध्ये आल्या, छातीवर क्लॅरींचा बोलिंग क्लबचा बिल्ला. जेवताना त्यांनी हॅमला हातही लावला नाही. डोक्यावरची, नाताळच्या जेवणाला घालायची कागदी टोपी सरळ करत त्या दर थोड्या वेळाने टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. डॅरिलचा पत्ता नव्हता.

"त्याच्यासाठी थांबायचं का?" मी विचारलं.

"बोट काही पळून जात नाही," नोला म्हणाल्या. "लाव."

मी लावलं आणि चक्क चाललं! क्लॅरी खुर्चीत बसले, नाक खाजवलं, बीअरचा घोट घेतला. कुठेही अडखळणं नाही. मागच्या फवाऱ्याचा थेंब न् थेंब उन्हात चमकत होता. नोलांनी माझा हात धरला. माझ्या सासूने माझा हात धरला होता! ग्लेनिस माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जशी तिने आमच्या साखरपुड्यानंतर बघितल्याचं मला आठवत नाही.

क्लॅरींनी मान वळवली. बोट उगारलं.

"नोला, माझं काही बरंवाईट झालं, तर..."

आणि पडदा काळा झाला.

या वेळी थिजलाही नाही, सरळ काळाठिक्कर. तेवढ्यात खिडकीबाहेरून डॅरिलचा आनंदी आवाज आला.

"मर्व, अरे गड्या, तुझ्या पेटीत बर्फच नव्हता की रे! येताना पंपावरून पिशव्या आणल्या, सगळ्या ओतल्या बघ!"

आता यात डॅरिलचा दोष काढता येत नाही. आमच्याकडे पाहुण्याने येताना बर्फ आणायचा आणि दिसेल त्या पेटीत, कुणाला न विचारता, रिकामा करायचा, ही रीतच आहे. जो आणत नाही त्याच्याबद्दल वर्षभर बोललं जातं. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. आणि तरीही मी माझ्या सासऱ्यांचे शेवटचे शब्द, भर नाताळात, बर्फाच्या पेटीत ठेवले होते.

मी बाहेर धावलो. "डॅरिल! त्यात डबा होता!"

"हो, होता ना. उघडून बघितला, सँडविच नव्हतं. कसली तरी पिशवी होती, तीही उघडली, त्यात एक डबी निघाली. म्हणून तळाशी दाबली नि वर बीअर लावली. जागा करायला एक दोरीही उपटली." त्याने माझा चेहरा पाहिला. "का रे?"

मी कोपरापर्यंत बर्फात हात घातला. डबी वर आली ती पाणी गाळतच. पेनड्राइव्ह तिला तशीच चिकटलेली, आणि तिच्या टोकाला एक कोळंबी. (कोळंबी कुठून आली, हे अजून उलगडलेलं नाही.)

ग्लेनिसने माझ्याकडे पाठ फिरवली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तांदूळ!" मी म्हणालो. "तांदळात ठेवू. चार-पाच दिवसांत..."

"मर्व, बाजूला हो," नोला म्हणाल्या.

त्यांनी पेनड्राइव्ह उपटली, झटकली, त्यावर जोरात फुंकर मारली आणि डोक्यावरच्या कागदी टोपीने कोरडी पुसली. मग टीव्हीच्या मागे वाकल्या.

"नोला, तिथे नका! ओली आहे ती! शिवाय टीव्हीला ते..."

"माझ्याकडे अस्साच टीव्ही आहे," मागून त्यांचा आवाज आला. "याच भोकात घालते मी. टॅम्सिनने काढलेले लग्नाबिग्नाचे सगळे व्हिडिओ यातच तर बघते. तू मध्ये ती डबी कशाला लावतोस ते मला कधी कळलं नाही. म्हटलं, असेल बिचाऱ्याची आवड."

पडदा उजळला आणि क्लॅरी खुर्चीत बसले. सुरळीत. तंबू उभारणारा तो वेगळा भाग टीव्हीच्या पोटातच होता, विकत आणल्या दिवसापासून. (टीव्हीचं माहितीपुस्तक मी ओळ न् ओळ वाचायला घेतलं होतं. विजेपासून घ्यायच्या काळजीच्या प्रकरणात मी जरा जास्त रमलो.)

डॅरिल दारात पिशवी हातात घेऊन उभा राहिला. क्लॅरींनी बोट उगारलं.

"नोला, माझं काही बरंवाईट झालं, तर एक गोष्ट कायम लक्षात ठेव. घरातल्या कुठल्याही यंत्राला मर्वला हात लावू देऊ नकोस. माणूस सोन्यासारखा आहे. पण हात लावू देऊ नकोस."

नोलांनी रिमोट दाबून चित्र थांबवलं.

डॅरिल हळूच म्हणाला, "आणि बोट?"

मी जमिनीकडे बघत होतो. मग एक विचित्र आवाज आला. वर पाहिलं तर नोला हसत होत्या. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ओ देते रे, क्लॅरी," त्या पडद्याला म्हणाल्या. "ऐकलं बरं का या वेळी." ग्लेनिस आईच्या कुशीत शिरली आणि दोघी एकदमच हसू-रडू लागल्या.

"पुढे आहे का अजून काही?" डोळे पुसायला रुमाल शोधत नोलांनी विचारलं. रिमोट त्यांनी टेबलावर, पाव्हलोव्हाशेजारी ठेवला होता. मी, केवळ मदत म्हणून, तो उचलला आणि बटण दाबलं.

"मर्व!" क्लॅरी गरजले. "हात काढ आधी त्याच्यावरून!"

मी रिमोट टाकला. पडद्यावर, क्लॅरींच्या पाठीमागे, मी स्वतः पाना घेऊन फवाऱ्यावर वाकलो होतो. पुढच्याच क्षणी पाण्याचा लोट उसळला आणि क्लॅरी, खुर्ची, हिरवळ, सगळं त्यात दिसेनासं झालं.

इकडे रिमोट पाव्हलोव्हाच्या मधोमध रुतला होता. नोलांनी तो बाहेर काढला, त्यावरची साय बोटाने निपटून चाटली आणि म्हणाल्या, "क्लॅरी कधी उगाच बोलायचा नाही."